अस्काले आणि डोंगरावरून आणलेला सम्राट

माझी नणंद अस्काले गोंदरच्या राजवाड्यात इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची तव्याएवढी पातळ भाकरी, भाजायची. तिने चार सम्राटांना जेवू घातलं आणि चौघांवरही तिचा काडीचा विश्वास नव्हता. "आज इथे, उद्या पुन्हा डोंगरावर. यांचे चेहरे कशाला लक्षात ठेवायचे?" असं म्हणायची.

त्या काळी रीतच तशी होती. राजघराण्यातली मुलं लहानपणीच उचलून डोंगरावर नेऊन कोंडायची, म्हणजे गादीवरून मारामाऱ्या नकोत. गादी रिकामी झाली की त्यांतला एक दोराने खाली उतरवायचा आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा. उतरवणारा असायचा रास, म्हणजे सगळ्या सरदारांचा सरदार. सैन्य रासचं, वसुली रासची, हुकूम रासचे. तो आपल्या छावणीत बसायचा, देब्रे ताबोरला. सम्राटाच्या हातात काय, तर मोहोर.

माझा नवरा रासच्याच एका लढाईत गेला, तेव्हा मी वन्संकडे राहायला आले. पीठ भिजवायला, काटक्या मोडायला त्यांनी मला राजवाड्याच्या स्वयंपाकघरात लावून घेतलं. पहिलं वर्षभर मी आणलेल्या प्रत्येक घागरीतलं पाणी त्या आधी जिभेवर धरून बघायच्या.

"वन्सं, माझ्यावर एवढा संशय?" मी एकदा विचारलं.

"तुझ्यावर नाही गं वहिनी, पाण्यावर आहे," त्या म्हणाल्या. "तू पाण्याला हात लावतेस, एवढंच."

पाचवा सम्राट आला तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता, माळावर पिवळी फुलं आली होती. वाड्याचा कारभारी गोशू सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हा गोशू रासचा माणूस. आवाज मऊ आणि डोळे सगळीकडे.

"उद्यापासून जान्होय किफ्ले," तो म्हणाला. सम्राटाला आम्ही जान्होय म्हणतो. "पाचव्या वर्षी डोंगरावर गेले होते, बत्तीस वर्षांनी उतरतायत. जेवण चांगलं करा."

वन्संनी पीठ ओतायला नुकती सुरुवात केली होती. त्यांचा हात असा की बाहेरून आत फिरत आलेली धार कधी तुटायची नाही. त्या दिवशी तुटली. तव्यावर मधोमध हाताएवढं भोक राहिलं. गोशूने ते पाहिलं, मीही पाहिलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काय झालं?"

"पीठ आंबलं नाहीये नीट. तू भिजवलंस ना?"

पीठ उत्तम आंबलं होतं.

सम्राट खेचरावर बसून आला. नगारे वाजले, लोक जमले, पण जयजयकार कुणाच्या घशातून नीट निघाला नाही. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "हाच कशावरून? बत्तीस वर्षांत कुणी बघितलाय त्याला?" तिच्या नवऱ्याने तिचं तोंड दाबलं. मला मात्र एक गोष्ट खटकली. ज्या वाड्यात हा जन्मला, त्या वाड्याकडे त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. खेचराचे कान तेवढे पाहत राहिला.

तीन दिवस जेवणाची टोपली झाकलेली गेली आणि झाकलेलीच परत आली. सम्राट आपल्या कंबरेच्या पिशवीतले भाजलेले जव खात होता. डोंगरावर तेच खातात म्हणे. गोशू हसला, "विषाला भितोय." चौथ्या दिवशी दुपारी सम्राट स्वतः स्वयंपाकघरात आला. असं कधी झालं नव्हतं. आम्ही जमिनीवर डोकं टेकलं. तो उंच, वाळलेला माणूस होता, खांद्यावरून गुडघ्यापर्यंत पांढरा शेम्मा लपेटलेला. पिठाच्या कोठीवर बसला, पाठ भिंतीला लावून.

"इंजेरा कोण भाजतं?"

"मी, जान्होय," वन्सं म्हणाल्या.

"नाव?"

"अस्काले."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "माझ्यासमोर भाज. पहिला घास तू खा."

तेव्हापासून तो रोज दुपारी यायचा. वन्सं भाजायच्या, पहिला घास खायच्या, मग तो खायचा. बोलणं दोन-चार शब्दांचं. पण नजरा! तो हिच्या तोंडाकडे बघायचा, ही त्याच्या खांद्याकडे. माझ्या लक्षात आलं आणि माझी झोप उडाली. चाळिशी उलटलेली विधवा नणंद आणि सम्राट, म्हणजे आता काय म्हणायचं याला?

गोशूच्याही लक्षात आलंच. एक दिवस मी ओढ्यावर भांडी घासत होते, तर हा तिथे येऊन बसला.

"मुलू, तुझी नणंद त्याच्याशी काय बोलते?"

"'गरम आहे, जपून,' असं म्हणते."

"आणि तो?"

"'शिरोच्या कालवणात मीठ कमी आहे,' म्हणतो."

तो हसला नाही. "चर्चमागे एक घर रिकामं आहे. दोन खोल्यांचं, अंगणात लिंबाचं झाड. नणंदेच्या घरात किती दिवस वळचणीला राहणार तू? डोळे उघडे ठेव, एवढंच म्हणतो मी."

खोटं कशाला सांगू, ते लिंबाचं झाड माझ्या मनात बसलं. मी डोळे उघडे ठेवले.

जानेवारीत तिमकतचा सण आला. तेव्हा सगळं गाव मोठ्या तलावावर जमतं, पाण्याला आशीर्वाद दिला की म्हातारेकोतारेसुद्धा कपडे काढून उड्या घेतात. सम्राटाने आधी उतरायचं असतं. हा काठावर उभा राहिला, धर्मगुरूला म्हणाला, "ताप आहे, शिंपडा." अंगावरचा शेम्मा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गर्दीत कुजबुज उठली. मी वन्संकडे पाहिलं. त्या सम्राटाकडे अशा बघत होत्या, जसं बाजारात कुणी मध म्हणून गुळाचं पाणी विकत असावं.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. "वन्सं, आता सांगायचं. तुमचं आणि त्या माणसाचं काय आहे?"

"तुला गोशूने विचारायला लावलंय?"

"गोशूने विचारलं होतं. आत्ता मी विचारतेय."

त्या चुलीपाशी बसल्या. मग जे सांगितलं ते त्यांनी माझ्या नवऱ्यालासुद्धा, म्हणजे आपल्या सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांची आई त्याच स्वयंपाकघरात भाजायची. वन्सं तेव्हा नऊ वर्षांच्या. धाकटा राजपुत्र किफ्ले सारखा त्यांच्या मागे असायचा. एकदा त्याला पाठुंगळी घेऊन त्या नाचत होत्या, हात सुटला आणि पोर उताणं तापल्या तव्यावर पडलं. डाव्या खांद्याच्या मागे, पाठीवर, तळहाताएवढं सोलून निघालं. वन्सं पळाल्या आणि पिठाच्या कोठीत लपल्या. आळ आईवर आला. तिला फटके मारून वाड्याबाहेर काढलं. ती मरेपर्यंत लोकांकडे दळणं दळत राहिली, पण मुलीचं नाव तिने घेतलं नाही. पुढच्याच महिन्यात किफ्लेला डोंगरावर नेलं. वन्संना पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या एका महाराणीने कामाला बोलावलं, तेव्हा जुनं कुणी उरलंच नव्हतं.

"भाजलं होतं एवढं गावाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "कुठे, ते आता मला एकटीलाच माहीत आहे. तो डाग जायचा नाही, वहिनी. मला बघायचंय."

"बघून काय करणार?"

"आधी बघू तरी दे."

आठ-दहा दिवसांनी ते घडलं. सम्राट कोठीवर बसला होता. वन्सं काटक्या सारत होत्या. एक जळती काटकी उडाली आणि त्याच्या शेम्म्याच्या टोकावर पडली. कापूस भसकन पेटला. मी धावले आणि शेम्मा ओढून काढला, पायाखाली तुडवला. वळून पाहिलं तर सम्राट उघड्या अंगाने आमच्याकडे पाठ करून उभा होता. पाठीची कातडी सगळी गुळगुळीत. डाव्या खांद्यामागे तर साधा ओरखडाही नव्हता.

त्याने सावकाश तोंड फिरवलं. "काटकी उडाली, का उडवलीस?"

"उडवली," वन्सं म्हणाल्या.

हे वाक्य दाराबाहेरच्या पहारेकऱ्याने ऐकलं असतं तर आमची मुंडकी त्याच संध्याकाळी उतरली असती.

"काय शोधत होतीस?"

"जे तुझ्या अंगावर नाही ते." जान्होय नाही, तुम्ही नाही, सरळ 'तुझ्या'. "तू कोण आहेस?"

तो खाली बसला. कोठीवर नाही, जमिनीवर, आमच्यासारखा उकिडवा. "बिरू," तो म्हणाला. "डोंगरावरच्या पहारेकऱ्याचा मुलगा. वीस वर्षं किफ्लेंची सेवा केली. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, स्तोत्रं शिकवली. तीन वर्षांपूर्वी ते तापाने गेले. आमच्या अधिकाऱ्याने वर कळवलंच नाही. राजपुत्र मेला म्हटलं की आधी पहारेकऱ्यांवर विषाचा संशय. मग एक दिवस रासची माणसं आली, किफ्लेंना न्यायला. अधिकाऱ्याने मला पुढे ढकललं. म्हणाला, तू त्यांच्यासारखा बोलतोस, आणि नाही म्हणालास तर इथे सगळ्यांचे गळे चिरले जातील."

"इथे रोज कशाला येत होतास? विषाला भिऊन?"

"तुला भिऊन. किफ्ले तुझं नाव घ्यायचे. म्हणायचे, स्वयंपाकघरात अस्काले नावाची मुलगी होती, तिच्या पाठीवरून मी पडलो. लोकांनी विचारलं तर मी सांगितलं, मीच उडी मारली. पण कुणी ऐकलं नाही." त्याने वन्संकडे पाहिलं. "मला बघायचं होतं, तू मला ओळखतेस का."

वन्संच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. घरी जाताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "माझं मन वळवायला रचलं असेल."

"पोर तुमच्या पाठुंगळीवरून पडलं, हे त्याला कसं कळणार?"

"पोरं कुठूनही पडतात. अंदाजाने सांगितलं असेल." पण त्या रडत होत्या.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. तो दुपारी येत राहिला. पहिला घास वन्संनी खायचा हेही चालूच राहिलं. विश्वास म्हणाल तर तिघांपैकी कुणाचाच कुणावर नव्हता. मला वाटायचं हे दोघं मिळून मला गप्प करतील. त्यांना वाटत असणार, मी गोशूला विकली जाईन.

राज्य म्हणून त्याने काय केलं म्हणाल, तर रासकडून कागद यायचे आणि हा मोहोर उठवायचा. डोंगरावरच्या कैद्यांसाठी लोकरीच्या घोंगड्या पाठवा, असा एक हुकूम त्याने आपणहून काढला. घोंगड्या पोचल्या की वाटेतच विकल्या गेल्या, देव जाणे. पुढचा पावसाळा आला नि गेला. मग रासचा एक कागद आला, राजघराण्यातला सात वर्षांचा एक मुलगा डोंगरावर धाडण्याचा. मुलगा आईबरोबर गावातच राहायचा. सम्राटाने कागद वाचला आणि मोहोर पिशवीत टाकली. गोशूने तीनदा समजावलं. सम्राट म्हणाला, "हा नाही. बाकी काय हवं ते आणा." मोहोर नाही म्हणजे मुलाला न्यायचं नाही. रीत होती, आणि रीत मोडली तर धर्मगुरू बिथरले असते.

आठवड्याभरात गावात जिकडेतिकडे एकच बोलणं सुरू झालं, की सम्राट तोतया आहे. कुणी सुरू केलं हे वेगळं सांगायला नको. गोशू आमच्या घरी आला. या वेळी त्याने मऊ बोलण्याचे कष्ट घेतले नाहीत.

"अस्काले, वाड्याच्या कारकुनाने जुनी वही काढून सांगितलं. तुझ्या आईला राजपुत्राला भाजलं म्हणून हाकललं होतं. डाग कुठे होता ते तुला माहीत असणार. परवा दरबारात त्याचे कपडे उतरवू. डाग नसला तर तसं सांग."

"नसला तर त्याचं काय करणार?"

"तोतयाचं काय करतात? फाशी. आणि त्याचं हो-नाही सगळं रद्द, त्या पोराचंही; पोराला त्याच दिवशी डोंगरावर नेता येईल."

"आणि असला तर?"

"असला तर राजरक्ताला कोण हात लावणार? रास त्याला गादीवरून उतरवेल आणि परत डोंगरावर धाडेल. नवा येईपर्यंत मोहोरेचं काम थांबेल, दोन-तीन महिने. पण तो नसणार. नाही का?" मग माझ्याकडे वळला. "तुलाही विचारणार आहे मी. लिंबं लगडलीत यंदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सम्राट नेहमीसारखा आला.

"उद्या तुला बोलावतील."

"हो."

"काय सांगशील?"

"विचारतील त्याचं उत्तर देईन," वन्सं म्हणाल्या आणि तव्यावर झाकण ठेवलं. बस, तेवढंच. माणूस न जेवता उठून गेला. मला इतका राग आला! बाहेर आल्यावर म्हटलं, "एक शब्द धीराचा बोलला असता तर तोंड झिजलं असतं का?"

"त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. उद्या तिथे तो घाबरलेलाच दिसायला हवा." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आणि तुझ्याही चेहऱ्यावर दिसतं."

मला कळेना, या बाईच्या मनात त्याला मारायचं आहे की वाचवायचं.

दरबारात धर्मगुरू होते, रासचा वकील होता, भिंतीला टेकून बायाबापड्या. सम्राटाला मधोमध उभं करून कंबरेवरचं सगळं काढलं, खालचंही मांडीपर्यंत वर घेतलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. गोशू म्हणाला, "अस्काले, जवळ जाऊन बघ आणि सांग. देवासमोर सांगतेयस."

वन्सं त्याच्याभोवती फिरल्या. पाठीमागे गेल्या, थांबल्या. मग पुढे आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्याच्या उजव्या नडगीवर बोट ठेवलं. तिथे बोटभर लांब, पांढरट, सुरकुतलेला एक वण होता. डोंगरावर कशानेतरी लागलं असेल.

"हा," त्या म्हणाल्या. "तव्याच्या कडेने भाजला होता. माझ्या आईच्या नाही, माझ्या हातून. आई फुकट मार खाऊन मेली."

त्या वाक्यातलं अर्धं खरं इतकं खरं होतं की उरलेलं तपासायचं कुणाला सुचलं नाही. एकट्या गोशूला सुचलं.

"एवढासाच? वैद्य बोलावले होते म्हणे त्या वेळी."

"मूल वाढतं, कारभारी. वण मात्र लहानपणी होता तेवढाच राहतो."

"मुलू!" तो एकदम माझ्यावर ओरडला. "तू रोज तिथे असतेस. तू काय पाहिलंस?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. वन्संनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या नडगीवर बोट ठेवून तशाच बसल्या होत्या. माझा त्यांना भरवसा नव्हता, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"मी काय बघणार, कारभारी?" मी म्हटलं. "धुरात माझे डोळे सारखे गळत असतात. मला तवा दिसला तरी पुष्कळ."

एक धर्मगुरू हसला. मग वकिलाने मान हलवली आणि सम्राटाच्या अंगावर शेम्मा टाकला गेला. जान्होय किफ्ले खरा ठरला.

चार दिवसांनी त्याला डोंगराकडे नेलं, खेचरावरच. गादीवर येऊन चौदा महिने झाले होते. रस्ता स्वयंपाकघराच्या मागून जातो. वन्सं दारात उभ्या होत्या. तो समोरून गेला, त्याने इकडे पाहिलं नाही. आभार मानायला घाबरला की रागावला होता, कोण सांगणार? फास चुकवून त्याला जन्मभराच्या कैदेत धाडणारी बाई होती ती. मी तसं बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. चुलीत काटक्या घाल."

त्या दोन-तीन महिन्यांत त्या सात वर्षांच्या मुलाच्या आईने गाढव विकत घेतलं आणि मुलाला घेऊन गोज्जमला माहेरी निघून गेली, नदीपलीकडे, रासचा हात पोचत नाही तिथे. नवा सम्राट आला, त्याने पहिल्याच दिवशी मोहोर उठवली, पण धाडायला मुलगाच नव्हता.

आम्हा दोघींना वाड्यातून काढलं. कारण सांगितलं नाही. वन्संनी घरीच तवा मांडला. चर्चच्या सणांना, लोकांच्या लग्नांना इंजेरा भाजून द्यायच्या. मी आणलेलं पाणी त्यांनी पुन्हा कधी चाखून पाहिलं नाही, पण पिठात बोट बुडवून बघायच्याच. डोंगराकडून येणाऱ्या एका साधूने सांगितलं, वरचा किफ्ले पोरांना स्तोत्रं शिकवतो. पुढच्या वर्षी दुसऱ्याने सांगितलं, तो पहिल्याच थंडीत गेला. वन्संनी दोघांनाही जेवू घातलं आणि दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

नऊ वर्षांनी त्या गेल्या. चाळीसाव्या दिवसाचं जेवण मी घातलं. अंगणात माणसं बसली होती, त्यांत काठी टेकत गोशू आला. रासने त्याला केव्हाच दूर केलं होतं, अंगावरचा शेम्मा विटला होता. जेवला, हात धुतले, आणि मी उष्टी टोपली उचलत होते तेव्हा हळूच म्हणाला, "मुलू, आता ती गेली. माझंही आता फार उरलं नाही. तो खरा होता का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आवाज तोच मऊ, आणि डोळे अजूनही सगळीकडे फिरत होते.

"कारभारी," मी म्हटलं, "शिरो वाढू का अजून थोडा?"